बर्फातला सैल पट्टा

आई,

यंदा मार्चमध्ये इथे बर्फ पडला आणि त्या बर्फातून मी एक गाडी वर डोंगरात नेली. गाडी म्हणजे जुनी लहान मोटार, पण चाकांवर न चालणारी. दोन्ही बाजूंना रुंद रबरी पट्टे, रणगाड्याला असतात तसे. ती आम्हीच बांधली, मी जिथे काम करतो त्या गॅरेजमध्ये. हे तुला सांगायचं असं तेव्हापासून मनात आहे, पण माझं लिहिणं तुला माहीत आहे. आधी समास आखायचा, मग पेन बदलायचं, मग पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचून ऱ्हस्वदीर्घ तपासायचं. आज रविवार आहे, तुझी सून शिफ्टला गेली आहे, भांडी घासून झाली आहेत, आता कसलीही सबब उरलेली नाही.

तुझ्या सुनेला तू पाहिलं नाहीस. ती नागपूरची, इथे स्वोर्ड्स गावाकडे औषधांच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. नोकरी तिला मिळाली आणि तिच्या मागोमाग मी या देशात आलो. आम्ही ल्यूकन नावाच्या उपनगरात राहतो. ओळीने एकसारखी घरं, प्रत्येकापुढे गाडी आणि तीन रंगांच्या कचराकुंड्या. इथली आपली माणसं बहुतेक सगळी संगणकातली. गणपतीत भेटली की पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीत?" मी सुरुवातीला "ऑटोमोटिव्हमध्ये" असं सांगायचो. ते खोटं नाही, पण खरंही नाही. एक पुण्याचे गृहस्थ ते ऐकून एकदम खूश झाले. "अरे वा! एम्बेडेड का?" म्हणजे गाडीच्या पोटात रुतवून बसवलेलं सॉफ्टवेअर. मी म्हणालो, "हो, थोडंफार." घरी येईपर्यंत तुझ्या सुनेनं हसू कसंबसं दाबून धरलं होतं. दार लावल्यावर म्हणाली, "नखं दाखव बघू. हो रे, ग्रीस चांगलंच एम्बेडेड आहे!" त्यानंतर मी सरळ 'गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे' असं सांगू लागलो. त्याने काही बिघडलं नाही. उलट आता इथलं निम्मं मराठी मंडळ ब्रेक कुरकुरले की मलाच फोन करतं.

गॅरेजचा मालक साठीच्या पुढचा आहे. लाल तोंडाचा, जाड भुवयांचा, दिवसभर चहा पिणारा. कुठलीही गोष्ट मोडलेली नसली की तो तिला 'ग्रँड' म्हणतो, आणि मोडलेली असली तरी 'होईल ग्रँड' म्हणतो. मला तो नावाने हाक मारत नाही, 'लॅड' म्हणतो, म्हणजे पोरा. तो मूळचा शहराच्या दक्षिणेकडच्या विकलोच्या डोंगरातला. तिथल्या घरी आता त्याची बहीण एकटी असते आणि मेंढ्या पाळते. इथे बर्फ दर वर्षी पडत नाही. पडला तरी दुपारपर्यंत चिखल होतो. पण काही वर्षांपूर्वी एकदा असा पडला होता की डोंगरातली वाट बुजली आणि मेंढ्या बांधाच्या आडोशाला उभ्या होत्या तिथेच गाडल्या गेल्या. बहीण खिडकीतून बघत राहिली. हा खाली रस्त्यावरच अडकून पडला. त्याने हे मला एकदाच सांगितलं, गाडीखाली आडवं पडून, तोंड न दाखवता. "वर जायची वाट मला आंधळ्यासारखी पाठ आहे, लॅड," म्हणाला, "आणि मी खाली उभा."

म्हणून ही गाडी. सरकारी तपासणीत नापास झालेली एक मोटार मागच्या अंगणात गवतात पडली होती. तिचं इंजिन धडधाकट होतं, फक्त तळ गंजला होता. मालकाने खाणीतला वाहक पट्टा, ज्याच्यावरून खडी सरकत जाते तो, कुठूनसा मिळवला आणि हिवाळाभर शनिवारी दुपारी आम्ही दोघं ती गाडी बांधत बसलो. पट्ट्याच्या लांब फिती कापायच्या, त्यांच्यावर लोखंडी पट्ट्या आडव्या बोल्टने आवळायच्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मग तो सगळा फेर पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर चढवायचा. पुढचं चाक ओढतं, मागचं ताणून धरतं, मध्ये ट्रेलरची लहान चाकं. वळायचं असेल तर दोन लिव्हर आहेत. डावं ओढलं की डावा पट्टा थांबतो आणि उजवा गाडीला फिरवतो. गॅरेजमधले बाकीचे दोघं येता जाता टोमणे मारायचे. "युद्ध कुणाशी आहे?" "वाळवंटात होडी बांधा नंतर!" मालक त्यांना सांगायचा, "हसा. बर्फ पडला की रांग लावाल."

आणि मी खुशीत होतो, आई. कारण पुढचं चाक, मागचं चाक आणि त्यांच्यावरून फिरणारा पट्टा म्हणजे दुसरं काय? आपली गिरणीच. आपल्या घराची पुढची खोली, दाराशी रांगेत ठेवलेले डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि मोटरपासून जात्यापर्यंत गेलेला तो काळा पट्टा. मी सातवीत असेन. पट्टा पुलीवरून सारखा कडेला जात होता आणि मी शहाणपणाने एका फळीने त्याला ढकलून धरलं होतं. तू ज्वारीचं दळण ओतत होतीस. मान वळवलीस, मोटर बंद केलीस आणि आधी माझ्या पाठीत धपाटा घातलास. "हात जाईल ना, मेल्या!" मग तोच हात धरून मला मोटरच्या मागे बसवलंस आणि सरकपट्टीचे बोल्ट दाखवलेस. "ढकलायचं नसतं त्याला. ढिला झालाय तो. ढिला पट्टा कुठेही जातो, ताणलेला गप चालतो. ने मोटर मागे." मी पाना घेऊन मोटर मागे सरकवली, तू बटण दाबलंस, आणि पट्टा पुलीच्या मधोमध, सरळ, काही आवाज न करता पळू लागला. तू त्याच्याकडे बघून नुसती मान हलवलीस. शाळेत मला कुणी असं शिकवलं नाही. त्या दिवाळीत इतर मुलांना कपडे मिळाले आणि मला पान्यांचा संच मिळाला. तेव्हा मी दोन दिवस रुसलो होतो. तो संच आता ल्यूकनच्या जिन्याखाली आहे. विमानात वजनाला जास्त होत होता म्हणून मी माझे स्वेटर काढून ठेवले होते. इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस तुझ्या सुनेचे स्वेटर घालून फिरलो.

तर मी आमच्या गाडीचे पट्टे तुझ्या पद्धतीने बसवले. मागच्या चाकाचा आस मागे ओढणारे बोल्ट होते. ते मी थोडे फिरवायचो, मग बोटाने पट्टा दाबून बघायचो, पुन्हा फिरवायचो. बोटाखाली पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा लागला पाहिजे. गॅरेजच्या फरशीवर गाडी जॅकने उचलून चाकं फिरवली तर दोन्ही पट्टे असे चालले की मालक चहाचा मग हातात धरून बराच वेळ बघत राहिला. "ग्रँड," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच ग्रँड होतं.

मग तो बर्फाचा इशारा आला. इथे बर्फ पडणार असं कळलं की लोक पाव विकत घेतात. का ते कुणालाच माहीत नाही. दुकानातली पावाची फळी पार रिकामी झाली, आमचे शेजारी हळहळत आले, आणि तुझ्या सुनेने स्वयंपाकघरातलं कपाट उघडून त्यांना कणकेची पिशवी दाखवली. "वी आर ग्रँड," म्हणाली. त्या रात्री रात्रभर बर्फ पडला. सकाळी खिडकीबाहेर सगळ्या कचराकुंड्या एका रंगाच्या झाल्या होत्या. मालकाचा फोन आला. बहिणीच्या मेंढ्या वरच्या रानात बांधाला धरून आहेत, बऱ्याचशा गाभण, विण्याच्या बेतात. वाट बुजली आहे. बहीण चालत निघाली होती, छातीपर्यंत बर्फ लागला तशी परत फिरली. संध्याकाळी आणखी पडणार आहे. "रस्ता गावापर्यंत साफ करतायत. गाडी ट्रेलरवर चढवून नेऊ. येतोस?" मी हो म्हणालो. बोल्ट, पट्टा, पेट्रोल, दोर, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. तुझी सून मोजे चढवत म्हणाली, "मी पण येते. एकटा गेलास तर तिथे बर्फात उभा राहून नुसती काळजी करशील."

गावाच्या वर, जिथे साफ केलेला रस्ता संपतो, तिथे आम्ही गाडी उतरवली. मागच्या सीटवर मेंढ्यांच्या खाद्याच्या गोण्या, टपावर गवताचे भारे. मालकाची बहीण तिथे वाट बघत उभी होती. भावासारखीच लाल, पण त्याच्याहून अर्धी, हातात लांब काठी. तिने गाडीला एक फेरी मारली. "हे चालतं?" "फरशीवर चालतं," मालक म्हणाला. "माझ्या मेंढ्या फरशीवर नाहीत," ती म्हणाली.

मी चालवायला बसतो. सुरुवात सुंदर होते. बर्फ चिरडत गाडी वर निघते, मी लिव्हर ओढतो, ती वळते, मागे तुझी सून टाळ्या वाजवते. मग इंजिन कण्हायला लागतं. मग उजवीकडून एक कर्रर्र आणि धाडकन आवाज, आणि गाडी जागच्या जागी गोल फिरते. उजवा पट्टा उतरून बर्फात पडलेला. सगळ्यांनी मिळून तो चढवला, बोटं बधिर झाली. आणि मी काय केलं असेल? ढिला पडला म्हणून उतरला, असं म्हणून आणखी ताणला. या वेळी तर मघाच्या निम्म्या अंतरावर उतरला, आणि उतरताना एक आडवी पट्टी बोल्टसकट रबरातून उपटून निघाली. तिथे हाताएवढी चीर पडली. मालकाने ती चीर बघितली, वर आभाळाकडे बघितलं. बहीण वरच्या बांधाकडे बघत होती. तिथून मेंढ्यांचा आवाज येत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"सैल कर, लॅड," मालक म्हणाला.

"सैल केला तर उतरणारच," मी म्हणालो. "ढिला पट्टा कुठेही जातो. हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"माझ्या आईला," माझ्या तोंडून निघून गेलं.

गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याने मान वर केली. "तुझी आई बर्फात गाड्या चालवते?"

"गिरणी. पिठाची गिरणी."

तो हसला नाही. खरंच विचार करत असावा. एवढ्यात तुझी सून, जी इतका वेळ गळपट्टीत तोंड खुपसून उभी होती, चाकाजवळ वाकली आणि मराठीत म्हणाली, "अरे, हे चाक मघापेक्षा जाड झालंय बघ." मी बघितलं. चाक आणि पट्टा यांच्या मध्ये बर्फ शिरला होता आणि दाबून दाबून त्याचा दगड झाला होता, चाकावर सगळीकडून थर चढलेला. चाक मोठं झालं, पट्टा तेवढाच राहिला. तो तुटणार नाही तर काय करणार? आई, तुला आठवतंय, पावसाळ्यात दमट पीठ पुलीवर चिकटून बसायचं आणि पट्टा कुरकुरायचा, तेव्हा तू मोटर थांबवून ते खरवडून काढायचीस. इथे दर दहा पावलांवर कोण खरवडणार? बर्फाला जागाच ठेवायला हवी होती. मी फरशीवर, कोरड्या हवेत, बोटाने दाबून दाबून ती जागा पुसून टाकली होती.

पण सांगतो, बोल्टवर पाना ठेवला आणि हात फिरेना. आयुष्यात मी कुठलीही वस्तू आवळून ठेवायला शिकलो आहे. दाराची कडी दोनदा, गॅसचं बटण तीनदा. सैल करायला मला कुणी शिकवलेलं नाही. तुझी सून माझ्या कानाशी म्हणाली, "गाडीचा सोड आधी. तुझा स्वतःचा नंतर बघू." मी बोल्ट उलटा फिरवला. पट्टा वरच्या बाजूने लोंबायला लागला, वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखा. बघवत नव्हतं. मालक म्हणाला, "अजून." अजून फिरवला. फाटलेल्या जागी त्याने दोन बोल्ट आणि पत्र्याचा तुकडा मारला, आणि मी पुन्हा आत बसलो.

तो आवाज तू ऐकला असतास तर मोटर बंद करून मला दाराबाहेर काढलं असतंस. फटाक्, फटाक्, फटाक्, दोन्ही बाजूंनी, पट्टे वर उडतायत, खाली आपटतायत. पण प्रत्येक फटक्याला चाकावरचा बर्फ ढेकळांसारखा झडून पडत होता. पट्टा नाचत होता, हलत होता, कडेला जात होता, परत येत होता, आणि उतरत नव्हता. गाडी वर चालली होती. टपावरचं गवत हलत होतं, तुझी सून मागे गोण्यांवर बसली होती, मालक फूटबोर्डवर उभा राहून ओरडत होता, "ग्रँड! ग्रँड!", बहीण माझ्या शेजारच्या सीटवर काठी उभी धरून बसली होती आणि दर वळणाला आधीच हाताने दिशा दाखवत होती. मी घाबरलेलो होतोच, पण ते घाबरणं आणि हसू एकाच वेळी येत होतं. तसं मला या आधी कधी झालेलं नाही.

मेंढ्या बांधाच्या आडोशाला होत्या. काही उभ्या, पाठीवर बर्फ घेऊन. काही दिसतच नव्हत्या, पण बर्फाच्या पृष्ठभागावर कुठे कुठे लहानसं पिवळट भोक होतं, खालच्या श्वासाने वितळलेलं. बहीण काठी हळूच आत घालायची, मान वाकडी करून थांबायची आणि म्हणायची, "इथे." मग आम्ही खणायचो. बाहेर आलेली मेंढी आधी अंग झटकायची आणि मग आमच्याकडे असं बघायची की उशीर आम्हीच केला. दोन मेलेल्या निघाल्या. बहिणीने त्यांच्या तोंडावर गवत टाकलं आणि पुढे गेली. बाकीच्यांना खाद्य मिळालं. एक तिथेच, आमच्या देखत व्याली. ते कोकरू घेऊन तुझी सून मागच्या सीटवर बसली आणि परत खाली येताना मला म्हणाली, "हळू चालव, लहान मूल आहे गाडीत." तिने त्याला आपल्याबरोबर सीटबेल्ट लावला होता. आम्ही खाली पोचलो तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. वरच्या मेंढ्यांपुढे आता गवत होतं आणि आमच्याकडे वर जायची वाट.

मग बहिणीच्या स्वयंपाकघरात. मोठी लोखंडी शेगडी, तिच्या समोर खोक्यात ते कोकरू, चहा, लोणी लावलेला जाड तपकिरी पाव. मालक खुर्चीत पाय लांब करून बसला होता. त्याच्या बहिणीने विचारलं, गाडी मध्येच का थांबली होती, आणि तो तिला सगळं रंगवून सांगायला लागला. ताणलेला पट्टा, माझा हट्ट, पिठाची गिरणी. "याची आई गिरणी चालवते," म्हणाला, "आणि हा बर्फात तिचं ऐकत बसला!" बहीण इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग मालक माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "आईला सांग. पिठात तिचं बरोबर. बर्फात सैल ठेवायचा."

मी म्हणालो, "सांगतो."

बहीण म्हणाली, "त्यांना इकडे घेऊन ये की. मेमध्ये ये, तोवर कोकरं उड्या मारायला लागतील. बर्फही नसेल."

मी म्हणालो, "विचारतो."

तुझ्या सुनेने माझ्याकडे बघितलं आणि मग ती चहात बघायला लागली. परत येताना गाडीत तिने विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्यानंतर कुणालाही तुझ्याबद्दल सांगायचं म्हणजे आधी ते सांगायचं, मग समोरच्याने चेहरा पाडायचा, मग मी 'नाही, नाही, बरीच वर्षं झाली' असं म्हणायचं, आणि तिथे तू संपायचीस. त्या स्वयंपाकघरात तू संपली नाहीस. दोन अनोळखी माणसं तुझ्यावर हसत होती, तुझी चूक काढत होती, तुला निरोप पाठवत होती. तुझ्याशी वाद घालण्याइतकी तू तिथे होतीस. मी लोणी लावलेला पाव खात होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की खरं सांगून ते मोडावंसं वाटलं नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही. पाठवायला जागा नाही, आणि असती तरी तू आधी शुद्धलेखन बघितलं असतंस. निरोप पोचवला एवढंच. पण एक गोष्ट राहिली. आता मे जवळ आला आहे. मालक दर आठवड्याला विचारतो, आईचं तिकीट काढलं का. काल पुन्हा विचारलं. मी गाडीखाली आडवा पडलो होतो, तोंड दिसत नव्हतं. मी म्हणालो, गिरणी टाकून ती कुठे जात नाही.